खिळ्याला मनाई

घर पाहावं बांधून, असं म्हणतात. अहो, बांधणं एक वेळ सोपं. बांधून झाल्यावर त्यात भाडेकरू टिकवून दाखवावा, म्हणजे कळतं. सुभेदार नाथाजी निकमांनी घर बांधलं झकास, पण टिकवायच्या नावानं सगळी बोंब होती.

सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्यात, कारखान्यांच्या अंगाला, सुभेदारांच्या सहा खोल्या होत्या. फौजेतून निवृत्त होताना हाती आलेला फंड त्यांच्या पलटणीतल्या जोडीदारांपैकी कुणी गाडीत घातला, कुणी पोरीच्या लग्नात उडवला. सुभेदारांनी प्लॉट घेतला. तोही डोळे झाकून नव्हे. प्लॉट एनए आहे का, रस्ता नकाशावर आहे की नुसता विकणाऱ्याच्या तोंडात, सातबाऱ्यावर आणखी कुणाचं नाव नाही ना, हे सगळं त्यांनी स्वतः हेलपाटे घालून बघितलं. पुढं एका ओळीत भाड्याच्या सहा खोल्या आणि सलग ओटा. मागं स्वतःला दोन खोल्या. गेटवर दगडी पाटी, तिच्यावर पहिलं नाव नाथाजी निकम आणि त्याखाली तेवढ्याच मोठ्या अक्षरात विजयमाला निकम.

ती दुसरी ओळ विजयमालाबाईंनी मागितलेली नव्हती. लग्नानंतर बाई काही वर्षं सासरी गावात राहिल्या, पुढं पोराच्या शाळेसाठी साताऱ्यात भाड्याच्या खोलीत. नवरा कायम सरहद्दीवर. निवृत्त झालो की तुझ्या नावाचं घर बांधतो, असा शब्द सुभेदारांनी दिला होता आणि तो पाळला. माणूस शब्दाचा पक्का, त्यात वादच नाही.

वाद होता तो पुढच्या गोष्टीत. पहिल्याच वर्षी एक मुकादम आला, माणसं घेऊन दोन खोल्यांत राहिला. बोलायला गोड. सुभेदारांनी कागद केला नाही, आधार कार्ड बघितलं नाही, पोलिसात माहिती दिली नाही. मुकादमाचा भाऊ फौजेत आहे एवढ्यावर ते विरघळले. एका सकाळी बघतात तर खोल्या उघड्या. माणसं गेलेली, पंखे गेलेले, नळाच्या तोट्यासुद्धा उपसून नेलेल्या आणि लाइटबिल मागं ठेवलेलं. भाऊ फौजेत होता की नव्हता, देव जाणे.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो. सुभेदारांनी ताक नुसतं फुंकलं नाही, प्यायचंच सोडलं. त्यांनी ओट्यावर एक काळा फळा लावला आणि त्यावर पांढऱ्या रंगात वर लिहिलं, 'स्टँडिंग ऑर्डर'. खाली नियम. पाणी सकाळी सहा ते साडेसहा. पाहुणा संध्याकाळी आठपर्यंत, मुक्काम नाही. दहाला गेट बंद. ओट्यावर कपडे वाळत घालू नयेत. दर रविवारी खोलीची तपासणी. आणि सगळ्यात खाली, लाल अक्षरात, भिंतीला खिळा ठोकण्यास सक्त मनाई. भिंतींना पुट्टी त्यांनी स्वतः उभं राहून घासून घेतली होती. येता-जाता त्या भिंतीवरून हात फिरवायची सवयच लागली होती त्यांना. बागेच्या कडेला विटा तिरप्या रोवून गेरू आणि चुना लावलेला, झाडांची बुडं रंगवलेली. नवा माणूस गेटातून आत आला की आधी खिशातून हात काढायचा.

रविवारी सकाळी सुभेदार बगलेत छडी धरून निघायचे. दार वाजवून आत शिरायचे, खाटेखाली बघायचे, मोरीत बोट फिरवायचे. वाईट हेतू? अजिबात नाही. आपल्या जवानांची जशी काळजी घेतली तशीच घ्यायची, एवढंच त्यांच्या मनात. पण भाडं भरणारा माणूस काही जवान नसतो. त्याला पेन्शन नाही, पदक नाही, मग त्यानं सावधान का म्हणून उभं राहावं? एक-एक करून खोल्या रिकाम्या झाल्या. जाणारा सांगायचा की बदली झाली, लग्न ठरलं, गावी जातोय. खरं कारण तोंडावर कोण सांगतं? सुभेदार समजायचे, भाग वाईट. मग समजले, वास्तूत दोष. मग त्यांनी दलालाला दोष दिला. राहिला तो फळा, त्याला कुणी दोष दिला नाही.

भाद्रपद अर्धा सरला तेव्हा सहा खोल्यांत मिळून एकच बिऱ्हाड उरलं होतं. भरतेश आणि सन्मती, नवं जोडपं. भरतेश पलूसचा, कारखान्यात कामाला. सन्मती माहेरची आष्ट्याची. जैन घरातली माणसं, दिवस मावळायच्या आत जेवून मोकळी होणारी. आवाज नाही, कचरा नाही, भाडं महिन्याच्या पहिल्या तारखेला. सुभेदार म्हणायचे, असे सहा मिळाले तर मी सॅल्यूट ठोकेन.

त्याच सुमारास पुण्याहून राजवर्धनचा फोन आला. त्यांचा एकुलता एक मुलगा, स्वभावानं बापासारखाच सरळ. म्हणाला, एक गोदामवाला जागा शोधतोय, खोल्या पाडून शेड टाकील, किंमत चांगली देतोय. खोल्या रिकाम्या पडल्यात, दुरुस्तीचा खर्च चालूच आहे, कशाला जीव जाळता? दसऱ्याला त्याला घेऊन येतो, बयाणा घेऊन टाका आणि दोघं माझ्याकडं या. सुभेदार चिडलेले होतेच. ते म्हणाले, आण.

विजयमालाबाई तेव्हा मेथी निवडत होत्या. मेथी संपल्यावर गेटापर्यंत गेल्या, पदरानं पाटीवरची धूळ पुसली आणि परत आल्या. दसऱ्याला ती पाटी उतरणार होती.

दुसऱ्या दिवशी भरतेशनंही सांगितलं की महिनाअखेर खोली सोडतोय. हे मात्र सुभेदारांच्या जिव्हारी लागलं. ते स्वयंपाकघरात येऊन तणतणायला लागले. यांना कमी काय आहे? पाणी आहे, संडास स्वतंत्र आहे, भिंती आरशासारख्या आहेत. आजकालच्या पोरांना शिस्त सोसत नाही, दुसरं काय.

बाईंनी तवा खाली उतरवला.

"आवं, येवढं सुख हाय तर तुमी का न्हाई ऱ्हात तिथं? चार नंबरची खोली रिकामीच हाय. महिनाभर भाडेकरू म्हणून ऱ्हावा. मी मालकीण. फळ्यावरचे नियम तेच."

सुभेदार हसले. असल्या आव्हानाला ते नाही कसं म्हणतील? त्यांनी त्याच दिवशी पेटी, खाट, चहाचं भांडं आणि आपल्या पलटणीचा फ्रेम केलेला फोटो चार नंबरला हलवला. तो फोटो त्यांचा जीव होता. दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरे ते, मिशी नुकतीच फुटलेली.

पहिल्याच सकाळी ते दाढीला बसले आणि साडेसहाला नळ खाकरून बंद पडला. तोंडाला फेस तसाच. मोटरीचं बटण मागच्या घरात आणि मागच्या घराची मालकीण कडक. त्यांनी हाक मारली तर आतून उत्तर आलं की वेळ संपली. शेवटी पंचानं तोंड पुसलं. त्या दिवशी ओट्यावर बसून त्यांनी पहिल्यांदा बघितलं की सन्मती पाणी कसं भरते. प्रत्येक घागर ती दुहेरी फडक्यातून गाळून घेत होती, तिच्या घरचा धर्मच तसा. अर्ध्या तासात तिच्या दोन घागरी व्हायच्या. मग ती पोर दिवसभर तेवढ्यात भागवायची. इतके महिने आपल्या नाकासमोर चाललेलं हे आपल्याला दिसलं नाही, याचं सुभेदारांना नवल वाटलं. नवल वाटलं, पण फळ्यावरचा नियम त्यांनी तसाच ठेवला. हट्टीपणात कोण मागं हटतंय?

पुढं त्यांचा पलटणीतला दोस्त बाळासो वाईहून भेटायला आला. कधीपासून यायचं यायचं म्हणत होता. गप्पा ऐन रंगात आल्या आणि आठ वाजता मालकीणबाई ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी नुसतं फळ्याकडं बोट केलं. बाळासोला आधी थट्टा वाटली. मग त्यानं मित्राचा चेहरा बघितला, मुकाट्यानं चपला घातल्या आणि शेवटची एसटी गाठायला निघाला. आपल्याच घरातून आपला माणूस असा गेला, यानं सुभेदारांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि मग त्यांना आठवलं की दशलक्षण पर्वात, म्हणजे जैनांच्या उपवासाच्या दिवसांत, भरतेशच्या आईला इथं मुक्कामाला यायचं होतं, आपणच फळा दाखवून नाही म्हटलं होतं आणि सन्मती पर्व संपेपर्यंत पलूसलाच जाऊन राहिली होती.

रविवार उजाडला. विजयमालाबाई तपासणीला आल्या. बगलेत छडीऐवजी लाटणं. खाटेखाली बघितलं, मोरी बघितली. सुभेदार खाटेशेजारी ताठ उभे. बाईंची नजर कोपऱ्यात गेली. पलटणीचा फोटो भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवला होता.

"फोटो खाली ठेवलाय. पाय लागंल कुनाचा," बाई म्हणाल्या.

"मग लावू कुठं? खिळा न्हाई."

"खिळ्याला मनाई हाय. पेटीत ठेवा."

"पेटीत?" सुभेदारांचा आवाज चढला. "पलटणीचा फोटो पेटीत ठेवू?"

बाई खाटेवर बसल्या. लाटणं मांडीवर आडवं ठेवलं. त्यांचा तोवरचा मालकिणीचा तोरा गेला होता.

"मी ठेवला की. साताऱ्यात त्या मालकाची खिळ्याला मनाई होती. तुमचा वर्दीतला फोटो बारा वर्सं पेटीत ऱ्हायला, शालीत गुंडाळून. आपला राजा ल्हान होता. शाळेतनं आला की इचारायचा, बाबा कुटं हायत. मी पेटी उघडून दावायची. म्हनायचा, आई, झाकन लावू नको, बाबांना गुदमरंल."

सुभेदारांनी जमिनीवरचा फोटो उचलून हातात घेतला. आयुष्यभर माणूस सरकारी क्वार्टरमध्ये नाहीतर तंबूत राहिलेला. दुसऱ्याच्या भिंतीकडं बघत दिवस काढणं काय असतं, हे त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. सुट्टीवर यायचा तेव्हा बाई फोटो काढून फळीवर ठेवायच्या आणि हा गेला की परत पेटीत. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. बाईंचं बारा वर्षं जळलं आणि शेजारी उभ्या राहिलेल्या नवऱ्याला वास आला नाही.

"मला बोलली का न्हाईस?" एवढंच ते म्हणाले.

"तुमी तिकडं बर्फात. खिळ्याचं रडगाणं कुटं गाऊ?"

सुभेदारांचे डोळे भरून आले. ते त्यांनी पुसलेही नाहीत.

तेवढ्यात गेटाशी टेम्पो येऊन थांबला. सन्मतीचे वडील धरणेंद्र आण्णा लेकीचं सामान न्यायला आष्ट्याहून आले होते. आण्णांचं आष्ट्याच्या पेठेत धान्याचं दुकान, शेजारचे तीन गाळे भाड्यानं दिलेले. सामान भराभर बाहेर निघायला लागलं. सुभेदार ओट्यावर आले तेव्हा सन्मती छातीशी काहीतरी धरून बाहेर येत होती, नव्या कोऱ्या टॉवेलात गुंडाळलेलं. त्यांनी विचारलं, काय गं ते? तिनं टॉवेल बाजूला केला. पार्श्वनाथांची तसबीर होती.

"ही कुठं लावली होती आत?"

"लावली न्हवती, काका. पिठाच्या डब्यावर ठेवली होती," सन्मती खाली मान घालून म्हणाली. "पीठ काढायचं झालं की आधी देवाला उचलायचं."

सुभेदार मागच्या घरात गेले आणि हातोडी घेऊन परत आले. आण्णा दचकून दोन पावलं मागं सरले. सुभेदार सरळ फळ्याकडं गेले. हातोडीच्या मागच्या बाजूनं त्यांनी फळ्याचे खिळे उपसले, फळा खाली उतरवला आणि भिंतीला उलटा टेकवून ठेवला. मग उपसलेल्यातला एक बरा खिळा निवडला.

"पोरी, देव कुठल्या भिंतीला पाहिजे ते सांग."

सन्मतीनं नवऱ्याकडं बघितलं. भरतेशचं मन मात्र एवढ्यानं वळेना. तो म्हणाला की आज खिळा ठोकाल, पण पुढच्या रविवारी छडी घेऊन परत दारात उभे राहाल. पोराचं काय चुकलं? सुभेदार म्हणाले, छडी तुमच्याकडंच ठेवून घ्या. आणि खरंच त्यांनी ती आणून त्याच्या हातात दिली. मग सन्मतीनंच काय ते ठरवलं. तिनं आत जाऊन पूर्वेच्या भिंतीवर बोट ठेवलं. त्या आरशासारख्या भिंतीवर पहिला घाव घालताना सुभेदारांचा हात किंचित थबकला, हे खरं. पण घातला.

टेम्पोवाला शिव्या घालत सामान उतरवत होता तेव्हा आण्णा आणि सुभेदार ओट्यावर चहा घेत बसले. मुकादमाची सगळी कथा ऐकून आण्णांनी मान हलवली. त्यांनीही हे सोसलं होतं. मनासारखं भाडं देणारा मिळेपर्यंत थांबू, म्हणून एक गाळा त्यांनी दोन वर्षं बंद ठेवला होता. शटरला गंज चढला, आत घुशी झाल्या आणि शेवटी जो पहिला भाडेकरू परत पाठवला होता त्याच्याच हातापाया पडून तो दिला. बंद गाळा मालकालाच खातो, असं त्यांचं म्हणणं. दुरुस्ती म्हणाल तर दर महिन्याच्या भाड्यातलं थोडं त्यासाठी बाजूला काढायचं, म्हणजे गळती लागली की तोंडचं पाणी पळत नाही. आणि भाडेकरूनं सांगायच्या आधी नळ दुरुस्त करायचा, मग भाडं मागताना मान खाली घालावी लागत नाही.

"आमच्या गाळ्यात अंडी-मटण चालत न्हाई. ही एकच अट हाय बगा माझी, आन् ती आजपातुर कुनी मोडली न्हाई," आण्णा म्हणाले. "सुभेदार, धा अटी घातल्या की भाडेकरू धाच्या धा चोरून मोडतोय. अटी कमी, कागद पक्का. पळून गेला मुकादम आन् तुमी शिक्षा दिली माझ्या लेकीला."

हे वाक्य सुभेदारांना लागलं आणि पटलंही.

मग मात्र त्यांनी फौजी झपाटा दाखवला. अटी ठेवल्या तीन: भाडं वेळेवर, शेजाऱ्याला त्रास नाही, राहणाऱ्या प्रत्येकाची माहिती पोलिसांत आणि करार नोंदवलेला. या तिसरीत ते कुणाच्या बापाचं ऐकेनात. गोड बोलणारा एक ठेकेदार कागदाशिवाय दोन खोल्या मागायला आला, त्याला त्यांनी चहा पाजून वाटेला लावला. टाकीतून कायम पाणी सुरू झालं. जिथं फळा होता तिथं कपडे वाळत घालायची दोरी आली. सहा नंबरची भिंत पावसात ओल धरायची, ते इतके दिवस झाकून ठेवलं होतं. आता त्यांनी गवंडी बोलावला, प्लॅस्टर फोडलं आणि भिंत वाळायला उघडी ठेवली. येणाऱ्याला सांगायचे, ही खोली अजून तयार नाही.

जाहिरात त्यांना करावी लागली नाही. भरतेशनं कारखान्यात शब्द टाकला आणि त्याच्या खात्यातले दोघं बायकापोरांसह आले. मग दवाखान्यातली नर्स क्रांती आली, आईला घेऊन. आईचा मुक्काम चालेल ना, असं तिनं भीत भीत विचारलं. आई म्हणजे काय पाहुणी आहे का, म्हणून सुभेदार तिच्यावरच डाफरले. स्वभाव थोडाच जातो? दर नव्या बिऱ्हाडाला किल्ली देताना ते हातोडी घेऊन जायचे आणि विचारायचे, फोटो कुठं लावायचा?

दसऱ्याला राजवर्धन आला, गोदामवाल्याला घेऊन. गेटात शिरले आणि दोघंही थबकले. ओट्यावर दोरीभर कपडे, दारादारात झेंडूची तोरणं, तीन-चार पोरं सायकलवरून भांडत होती. गोदामवाला म्हणाला, तुम्ही तर जागा रिकामी आहे म्हणाला होता. राजवर्धननं बापाला बाजूला घेतलं. अजून दोन खोल्यांना कुलूप आहे, गवंड्याचा खर्च निघायला वेळ लागेल, पुन्हा एखादा मुकादम भेटला तर काय? चुकीचं काहीच बोलत नव्हता तो. सुभेदारांनाही त्याला खोटं सांगता येईना. म्हणाले, मुकादम भेटणारच, एखादं वर्ष वाईट जाणारच. पण मला काय विचारतोस, गेटवर दुसरी ओळ वाच आणि तिला विचार.

विजयमालाबाई मागच्या घरातून तबकात आपट्याची पानं घेऊन आल्या. त्यांच्या मागं उघड्या दारातून समोरची भिंत दिसत होती. तिच्यावर वर्दीतल्या तरण्या नाथाजीचा फोटो होता. राजवर्धन त्या फोटोकडं बघतच राहिला. एवढा मोठा बाप्या, पण त्याचा हात नकळत आपल्या गळ्याशी गेला.

"आई, हा पेटीतला ना?"

"व्हय, पेटीतलाच," बाई म्हणाल्या. त्यांनी आधी गोदामवाल्याच्या हातावर सोनं ठेवलं, मग लेकाच्या. "पाव्हनं, च्या घेऊन जावा. घर इकायचं न्हाई. आत्ता कुटं भिंतीला खिळा लागलाय."

राजवर्धननं गोदामवाल्याला चहा दिला आणि गेटापर्यंत पोचवून आला.